एसजीपीटी १४१० वाला बरा झाला, २२ वाली पॉझिटिव्हच : हिपॅटायटिस बीमध्ये हे उलटं का?

चिकोडी लॅब (प्रश्न)

डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या) मुलांना शिकवण्यासाठी दोन रिपोर्ट शेजारी ठेवलेत. आकडे नमुन्यादाखल घेतलेत, पण असे रिपोर्ट आपल्याकडे येतच असतात.

अ : पुरुष, ३४. दोन महिन्यांपूर्वी डोळे पिवळे, एसजीपीटी (लिव्हरच्या पेशीतलं एन्झाइम) १४१०, बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) ९.२, एचबीएसएजी (व्हायरसच्या वेष्टनाचं प्रथिन) पॉझिटिव्ह. आता एसजीपीटी ९६, एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस (त्या वेष्टनाविरुद्धची अँटीबॉडी) ४. मधे गावात कावीळ उतरवून घेतलेली, म्हणून घरचे म्हणतात औषध लागू पडलं.

ब : पहिलटकरीण, २१. थायी कार्डाच्या (गरोदर बाईच्या सरकारी नोंदणी कार्डाच्या) वेळच्या तपासणीत एचबीएसएजी पॉझिटिव्ह, एचबीईएजी (व्हायरस जोरात वाढत असल्याची खूण असलेलं प्रथिन) पॉझिटिव्ह, एसजीपीटी २२, व्हायरसचा डीएनए ८ कोटी आययू प्रति मिली. तक्रार एकही नाही.

मुलांचा सवाल असा : जिच्या रक्तात व्हायरस खच्चून भरलाय तिचं लिव्हर शांत, आणि ज्याच्यातून तो गेला त्याचं सुजलेलं, हे कसं? शिवाय अ-ला 'संपलं' म्हणायचं का? अँटीबॉडी तर १० च्या खालीच आहे.

खानापूर फिजिशियन

मुलांना पहिल्यांदा हे सांगा की हा व्हायरस लिव्हरची पेशी सहसा स्वतः मारत नाही. एनटीसीपी नावाच्या दारातून आत शिरतो, आपला डीएनए केंद्रकात गोल बांधून ठेवतो (सीसीसीडीएनए) आणि त्यावरून गुपचूप नकला काढत राहतो. इंटरफेरॉनची धोक्याची घंटा सुरुवातीला जवळजवळ वाजतच नाही. म्हणून लागण झाल्यापासून त्रास सुरू व्हायला ३० ते १८० दिवस लागतात. तोवर एसजीपीटी नॉर्मल आणि डीएनए मात्र चढत असतो.

मग सीडी८ टी-पेशी (लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) लिव्हरमध्ये उतरतात. लागण झालेली पेशी व्हायरसच्या प्रथिनाचा तुकडा आपल्या पृष्ठभागावर मांडते, तो ओळखला की टी-पेशी तिला मारते. फुटलेल्या पेशीतलं एन्झाइम रक्तात सांडतं, तेच तुमचं १४१०. म्हणजे हा आकडा व्हायरस किती आहे ते सांगत नाही, प्रतिकारशक्ती किती जोरात कामाला लागली ते सांगतो. यातला बारकावा बहुतेक जण गाळतात : सगळ्याच पेशी मारल्या जात नाहीत. टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ ही संदेश देणारी प्रथिनं सोडतात, त्याने पुष्कळ पेशी जिवंत राहूनच व्हायरस झटकतात. चिंपांझींवरच्या अभ्यासात एसजीपीटी शिखरावर पोचायच्या आधीच बहुतेक डीएनए उतरलेला दिसला. सगळ्याच पेशी मारल्या असत्या तर लिव्हर उरलं नसतं.

ब-ची लागण बहुधा जन्माच्या वेळची, आईकडून. एचबीईएजी वार (प्लासेंटा) ओलांडून बाळात जातं आणि बाळाची टी-पेशी त्याला परकं धरत नाही असं मानलं जातं. शिवाय व्हायरस नुसती रिकामी एचबीएसएजीची वेष्टनं खऱ्या कणांच्या हजारपट किंवा त्याहून जास्त सोडतो. अँटीबॉडी त्यांतच अडकतात आणि सततच्या माऱ्याने टी-पेशी थकतात (पीडी-१ ही थकव्याची खूण त्यांच्यावर चढलेली दिसते). म्हणून वयानुसार हिशेब असा : जन्मतः लागण झाली तर सुमारे ९० टक्के जणांत आजार कायमचा, १ ते ५ वर्षांच्या मुलांत २५ ते ५० टक्के, मोठ्या माणसांत ५ टक्क्यांपेक्षा कमी.

आता कावीळ उतरवण्याचं गणित बघा. मोठ्या माणसांतले ९५ टक्क्यांच्या वर आपोआपच बरे होतात. त्या आठवड्यांत पाला प्यायला, माळ घातली किंवा नुसतं झोपून राहिला, तरी श्रेय त्यालाच जाणार! पाल्याने एसजीपीटी पुन्हा उसळला तर मात्र तो आजाराच्या माथी मारला जातो.

निपाणी पॅथॉलॉजी

अ-बद्दल. ही 'विंडो' आहे. एचबीएसएजी गेलं, पण अँटी-एचबीएस अजून मोजण्याइतकं मोकळं सापडत नाही. या फटीत अँटी-एचबीसी आयजीएम (व्हायरसच्या गाभ्याविरुद्धची ताजी अँटीबॉडी) लावा, बहुधा तेवढं एकच पॉझिटिव्ह येईल. ते साधारण ६ महिने टिकतं. अँटी-एचबीएस १० एमआययू प्रति मिली ओलांडलं की विंडोचा प्रश्न मिटला, पण त्यासाठी लागणीपासून ६ महिन्यांच्या पुढचा रिपोर्ट हवा. तोवर 'निगेटिव्ह' एवढंच छापून देऊ नका.

रक्तपेढीची विंडो वेगळी. ती लागणीच्या सुरुवातीची, एचबीएसएजी टेस्टच्या कार्डावर दिसायच्या आधीची. मुलं या दोन्हींची गल्लत हमखास करतात. आणि लस घेतल्यावर १८ दिवसांपर्यंत एचबीएसएजी खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं, म्हणून फॉर्मवर लसीची तारीख लिहून घ्या.

खानापूर फिजिशियन

एक भर. एसजीपीटी झपाट्याने पडतोय म्हणून खूश होऊ नका. बिलिरुबिन आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) चढत असेल तर मारायला पेशीच उरलेल्या नाहीत असा अर्थ. तो रुग्ण त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात हलवायचा.

एएनसी (गरोदरपणाची तपासणी) सिस्टर, बेळगाव

ब-साठी बोलते, कारण इथे घड्याळ चालू आहे. डीएनए २ लाखांच्या वर असेल तर टेनोफोव्हिर (व्हायरस दाबणारी गोळी) गरोदरपणाच्या साधारण २८व्या आठवड्यापासून. बाळाला लस २४ तासांच्या आत, शक्य तितकी लवकर, आणि १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, दोन्ही वेगवेगळ्या मांड्यांत. पुढे ६, १०, १४ आठवड्यांना पेंटा (हिपॅटायटिस बी धरून पाच रोगांवरची लस). दूध पाजायला हरकत नाही, हे सासूला वेगळं बसवून सांगा.

रिपोर्ट इंग्रजीत, कार्ड कन्नडात, समजावायचं मराठीत, त्यात 'लस दिली' आणि 'ग्लोब्युलिन दिलं' हे एकच समजलं जातं. दोन्हींच्या बाटल्या दाखवून सांगितलं की गोंधळ कमी होतो. लस बाळाच्या स्वतःच्या बी-पेशींना शिकवते, त्याला वेळ लागतो. ग्लोब्युलिन म्हणजे तयार अँटीबॉडी, त्या लगेच लागू, पण काही महिन्यांत संपतात. म्हणून बाळाची तपासणी ९ महिन्यांच्या आधी नको. आणि अँटी-एचबीसी मागू नका, आईचं ते २ वर्षांपर्यंत दिसू शकतं.

लस फ्रीजरला चिकटून गोठली तर वाया गेली. ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेलं प्रथिन गुठळी धरतं, मग प्रतिकारशक्ती त्याला नीट दाद देत नाही. २ ते ८ अंश, एवढंच.

चिकोडी लॅब

मुलांचा आणखी एक सवाल. अ-चं अँटी-एचबीएस १० च्या वर गेलं की व्हायरस अंगातून पूर्ण गेला असं लिहायचं?

निपाणी पॅथॉलॉजी

नको. सीसीसीडीएनए थोडा लिव्हरमध्ये राहतो आणि टी-पेशी त्याला आयुष्यभर दाबून धरतात. लसवाल्याचं फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह असतं, कारण लसीत कोअर (व्हायरसचा गाभा) नसतो. अ-चं अँटी-एचबीसी टोटलही (गाभ्याविरुद्धच्या जुन्या-ताज्या सगळ्या अँटीबॉडी) कायम पॉझिटिव्ह राहील. म्हणून पुढे केव्हाही रिटुक्सिमॅब (बी-पेशी संपवणारं औषध), केमोथेरपी किंवा प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) रोज २० मिग्रॅ ४ आठवडे लागणार असेल, तर सुरू करण्याआधी एचबीएसएजीसोबत अँटी-एचबीसी टोटल मागवायला सांगा. पहारा सैल झाला की व्हायरस पुन्हा वाढतो, आणि औषध थांबवल्यावर परतलेल्या टी-पेशी लिव्हरवर तुटून पडतात. तेव्हाचा एसजीपीटी अनेकदा पहिल्या वेळेपेक्षा वाईट निघतो.