मदत हवी आहे: कोल्हापुरी चपलांची ऑनलाइन विक्री, ऑर्डर येतात पण पैसे उरत नाहीत

करकरवाली
कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या कारागिरांकडून जोड घेऊन इन्स्टाग्राम आणि स्वतःच्या वेबसाइटवरून विकते. जीएसटी नोंदणी आहे. विक्री वाढवायचीय. आकडे आधीच देते, म्हणजे विचारायला नकोत:

विक्री किंमत १,४५० (जीएसटी धरून). जोड मला ८५० ला पडतो. कुरियर ११०, पॅकिंग ३५, सीओडी (माल हातात मिळाल्यावर पैसे) असेल तर वर ४० (हे फक्त माल पोहोचला तर). जाहिरातीचा खर्च सगळ्या ऑर्डरींवर वाटला तर ऑर्डरमागे १८०. महिन्याला साधारण ६० ऑर्डर, त्यातल्या ४८ सीओडी. परत येतात १८: ११ दारातूनच, ७ साइझ बसला नाही म्हणून.

म्हणजे जोडामागे दीडशेच्या वर सुटतात. जाहिरातीचं बजेट दुप्पट केलं तर चालेल का? की मीशो, ॲमेझॉनवर जाऊ? का किंमत १,२९९ करू?

हिशेबनीस
ताई, तिन्हीला आत्ता थांबा. सुटत काहीच नाहीये.

१,४५० मधून ५ टक्के जीएसटी काढला की १,३८१ उरतात. ८५० वजा केले की जोडामागे ५३१. पण हे ५३१ फक्त ४२ जोडांवर मिळतात, ६० वर नाही. ४२ × ५३१ = २२,३०२. आता खर्च बघा, तो मात्र ६० वर बसतो: जाहिरात १०,८००, जातानाचं कुरियर ६,६००, पॅकिंग २,१००. परतीचं कुरियर १८ × ११० = १,९८०. सीओडी पोहोचलेल्या ३७ वर १,४८०. बेरीज २२,९६०. महिन्याला ६५८ रुपये तुम्ही पदरचे घालताय, आणि त्यात तुमचा पगार धरलेला नाही. (इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट, बाजूला ठेवलंय, त्यानं थोडा फरक पडेल.) बजेट दुप्पट केलं तर तोटा दुप्पट.

आता ऑर्डर तेवढ्याच ६० ठेवा आणि परत येणारे १८ चे ६ करा, ४ दारातून, २ साइझचे. याच पद्धतीनं मांडलं तर महिन्याला ६,७५४ उरतात. एकही नवीन गिऱ्हाईक न आणता.

१,२९९ चा विचार तर सोडाच. किंमत उतरवली की ५३१ चे ३८७ होतात, आणि परतीचा खर्च आहे तिथंच राहतो.

फर्मा_आणि_वादी
साइझचे ७ आधी घ्या, ते पूर्ण तुमच्या हातात आहेत.

वेबसाइटवर ७, ८, ९ असे आकडे टाकले असतील. ते काढा, सेंटिमीटर लिहा. भारतात जो आकडा चालतो तो ब्रिटिश पद्धतीचा, त्यात एका साइझचा फरक १/३ इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटर. हातानं कापलेल्या तळात दोन कारागिरांच्या फर्म्यात (तळ कापायच्या साच्यात) अर्धा सेंटिमीटर फरक सहज पडतो. म्हणजे एकाचा ८ हा दुसऱ्याचा साडेसात. गिऱ्हाइकाची चूक नसते, तुमचीही नसते, आकड्याची असते. म्हणून नवीन माल आला की प्रत्येक साइझमधला एकेक जोड टेबलावर ठेवून तळाची लांबी पट्टीनं मोजा आणि त्या मालापुरती तीच वेबसाइटवर टाका. दर वेळी.

गिऱ्हाइकाला पाय मोजायला असं सांगा: संध्याकाळी मोजायचं, सकाळपेक्षा पाय थोडा मोठा असतो. ए४ कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवायचा, टाच भिंतीला, अंगावरचं सगळं वजन त्या पायावर. पेन्सिल उभी धरून सगळ्यात लांब बोटापुढं खूण. दोन्ही पाय मोजायचे, मोठा धरायचा. कागद २९.७ सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळं पट्टी नसली तरी फोटो पाठवला की तुम्हाला अंदाज येतो. तळ पायापेक्षा अर्धा ते पाऊण सेंटिमीटर मोठा पाहिजे. जास्त झाला की टाच मागं सपासप आपटते.

आणि हे ठळक लिहा, कारण निम्मी भानगड इथंच होते: कोल्हापुरी पहिले काही दिवस पट्ट्यात आणि अंगठ्यात आवळते. चामडं रुंदीला सैल पडतं, तळ लांबीला वाढत नाही. लांबी बरोबर असून आवळत असेल तर मोठा साइझ मागवू नका, पट्ट्याला आतून एरंडेल किंवा खोबरेल लावून घरात थोडा थोडा वेळ घाला. लांबीच कमी असेल तर मात्र लगेच बदलून घ्या. हा फरक गिऱ्हाइकाला आधी कळला नाही की आवळणारा जोड एक साइझ वर बदलून मागतो आणि मग तोही परत पाठवतो.

करकरवाली
हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी नुसता '७ ते ११ उपलब्ध' असा फोटो टाकते. दारातून परत येणाऱ्या ११ चं काय करू? सीओडी बंद केली तर ऑर्डरच येणार नाहीत.

गांधीनगर_पार्सल
बंद करू नका, गाळणी लावा. ऑर्डर पडली की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर एक मेसेज: 'तुमचा जोड, तळाची लांबी २६.५ सेंमी, टॅन रंग, पाठवायचा आहे. पायाची लांबी कळवा, मग पाठवतो.' उत्तर नाही, तर माल नाही. ज्यानं गंमत म्हणून ऑर्डर टाकली तो इथंच गळतो आणि साइझचं कामही त्यातच होतं. उत्तर आलेल्याकडून १०० रुपये यूपीआयनं घ्या, बाकीचे दारात. शंभर दिलेला माणूस सहसा दार लावत नाही. पूर्ण पैसे आधी देणाऱ्याला ५० कमी करा, सीओडीचे ४० तुमचे तसेही वाचतात.

'ग्राहक उपलब्ध नाही' असं कुरियरवर दिसलं की त्याच दिवशी फोन करा. बहुतेक कुरियर तीनदा जातात आणि माल परत फिरवतात. पुष्कळदा माणूस ऑफिसात असतो, बाकी काही नसतं.

खोका केवढा वापरता?

करकरवाली
बुटाचा येतो तसाच. ३२ × २० × ११.

गांधीनगर_पार्सल
तिथं पैसे जातायत. कुरियरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जास्त असेल ते धरतात. लांबी × रुंदी × उंची, भागिले ५,०००. तुमचं येतं १.४ किलो, अर्ध्या किलोच्या टप्प्यानं दीड किलोचं बिल. जोडाचं खरं वजन पाऊण किलोच्या आसपास असणार. तळ बाहेरच्या बाजूला, पट्टे समोरासमोर, एकाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याकडं, असा जोड लावा. ३१ × १३ × ९ च्या थ्री-प्लाय (तीन थरांच्या पुठ्ठ्याच्या) खोक्यात बसतो. ०.७३, म्हणजे एका किलोचं बिल. एक टप्पा वाचला. अगदी मोठे साइझ बसणार नाहीत, त्यांना जुना खोका ठेवा.

पट्ट्याखाली कागदाचे बोळे भरा, नाहीतर दबून घडी पडते. आतून प्लास्टिक गुंडाळू नका. बाभूळ-हिरड्यात कमावलेलं चामडं कोंडलं की बुरशी धरतं, पावसाळ्यात तर हमखास. कापडी पिशवी किंवा बटर पेपर, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि प्लास्टिकची थैली फक्त खोक्याच्या बाहेरून.

तांबडा_पांढरा
मला वाटतं मीशो टाकून बघायला काय हरकत आहे? कमिशन घेत नाहीत म्हणे.

हिशेबनीस
कमिशनचा प्रश्न नाही भावा. तिथं १,४५० चा हातानं शिवलेला जोड ३०० च्या रेक्झिनशेजारी दिसतो, फोटोत दोन्ही सारखेच. शिवाय परतीचे नियम त्यांचे, मेसेज करून साइझ विचारायची सोय नाही. वर ०.५ टक्के टीसीएस (जीएसटीपोटी) आणि ०.१ टक्के टीडीएस (आयकरापोटी) आधीच कापून पैसे येतात. रिटर्न भरताना ते मिळतात, बुडत नाहीत, पण खेळतं भांडवल अडकतं. परती आटोक्यात आल्यावर दोन-तीन ठरलेले साइझ आणि एकच डिझाइन टाकून बघा. आत्ता नको.

रील_बिल
जाहिरातीबद्दल. 'बूस्ट' बटण दाबत असाल तर सोडा, त्यातून लाइक येतात. ॲड्स मॅनेजरमधून उद्देश 'विक्री' निवडा आणि वेबसाइटला पिक्सेल (जाहिरातीवरून आलेल्यानं खरेदी केली का ते टिपणारा कोड) जोडा. व्हिडिओत मॉडेल नको. तळ दोन्ही हातांनी वाकवून दाखवा, शिलाई जवळून, वेणी जवळून, शेवटी जोड पट्टीशेजारी ठेवून सेंटिमीटर दिसतील असा. कॅटलॉगमध्ये कापशी, पुकरी, बक्कलनाळी अशी प्रकारांची नावं लिहा, माहीतगार माणूस नावानंच शोधतो. रंग तेलानं आणि वापरानं गडद होतो हेही लिहा, नाहीतर 'फोटोपेक्षा वेगळा' म्हणून परत येईल.

जून ते ऑगस्ट कोकण-मुंबईकडची जाहिरात बंद ठेवा. भिजली की तळ फुगतो आणि शिव्या तुम्हाला. तो पैसा गणपती, दिवाळी आणि लग्नसराईकडं वळवा.

फर्मा_आणि_वादी
एक राहिलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय (कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे), पण म्हणून कुणीही 'जीआय' लिहायचं नसतं. तुमच्या कारागिराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी आहे का विचारा. असेल तर लिहा, खरेदीदारावर फरक पडतो. नसेल तर नुसतं 'सुभाषनगर, कोल्हापूर इथं हातानं बनवलेली' लिहा, तेही कमी नाही.

करकरवाली
सगळ्यांचे आभार. शेवटचं: परत आलेले जोड घरात पडलेत, काहींचे तळ घासलेत. ते कसे काढू?

फर्मा_आणि_वादी
घासलेले नवे म्हणून विकू नका. कारागिराकडं नेऊन तळाला बारीक पॉलिश पेपर आणि तेलाचा हात मारून घ्या, आणि 'परत आलेला, तपासलेला' असं लिहून ९९९ ला व्हॉट्सॲपच्या जुन्या गिऱ्हाइकांना द्या. त्यावर जाहिरातीचा खर्च नाही. पुढच्या मालापासून दोन्ही चपला अंगठ्याला लाल दोऱ्यानं बांधून पाठवा, दोरा लांब ठेवा, म्हणजे चादरीवर उभं राहून घालून बघता येतात पण चालता येत नाही. दोरा तुटला की परत घेणार नाही, हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात. चिठ्ठी जोडाच्या वर ठेवा, खाली गेली की कुणी वाचत नाही.