"ऑफर आज रात्री १२ पर्यंतच!" क्रेडिट कार्डांच्या अशा ऑफरी दिशाभूल करतात का?

चांदणचुरा:

ताईच्या कार्डाचं स्टेटमेंट समोर घेऊन बसले आहे, म्हणून विचारते. तिला रात्री नऊच्या सुमारास मेसेज आला: दुसऱ्या कार्डावरची थकबाकी आमच्याकडे वळवा, सहा महिने शून्य टक्के व्याज, ऑफर आज रात्री १२ पर्यंतच. तिने वळवली. ठरलेली रक्कम दरमहा वेळेवर भरते आहे. पण त्याच कार्डावर नंतर जी किरकोळ खरेदी झाली, तिच्यावर व्याज लागलंय, तेही खरेदीच्या दिवसापासून. कंपनीचं उत्तर एका ओळीचं: "हे अटींमध्ये नमूद केलेले आहे." आहे खरं. बारीक अक्षरातल्या लांबलचक पीडीएफमध्ये कुठेतरी आहे.

दाजींचं म्हणणं, वाचलं नाही तर दोष कुणाला द्यायचा? मला हे पटत नाही. अट कुठेतरी लिहून ठेवली की जाहिरात खरी ठरते का? याला दिशाभूल म्हणायचं की नाही?

खातेवही:

कार्ड कंपनीच्या तक्रार विभागात माझी बरीच वर्षं गेली. तुमच्या ताईंसारख्या तक्रारी सतत यायच्या. माझ्या मते ही दिशाभूलच आहे.

आधी व्याज का लागलं ते सांगतो. कार्डावरची खरेदी बिनव्याजी असते ती एकाच अटीवर: बिलाची पूर्ण रक्कम देय तारखेपर्यंत चुकती झाली पाहिजे. थोडी जरी बाकी ठेवली की बहुतेक कार्डांवर ती सवलत जाते आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज धरतात. आता वळवलेली रक्कम सहा महिने फेडायची म्हटल्यावर बिल पूर्ण चुकतं होणार कसं? ऑफर जशी वापरायला सांगितली तशीच वापरली, तरी सवलत गेलीच. ताईंचं यात काहीही चुकलेलं नाही. अमेरिकेतल्या सीएफपीबी या ग्राहक-वित्त नियामकाने सप्टेंबर २०१४ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर कार्ड कंपन्यांना इशारा दिला होता, की थकबाकी वळवणाऱ्याची खरेदीवरची बिनव्याजी मुदत जाते हे ठळक सांगितलं नाही, तर ती फसवणूक ठरू शकते. तेव्हा दाजींना सांगा, हा प्रश्न फक्त वाचण्याचा नाही. जाहिरातीत काय मोठं छापलं आणि काय लपवलं, याचा आहे.

दुसरी गोष्ट मुदतीची. जाहिरातीत तारीख एकच दिसते, ऑफरीच्या पोटात चार-पाच असतात. अर्ज कधीपर्यंत करायचा, ही मोठ्या अक्षरात. रक्कम कधीपर्यंत वळती व्हायला हवी, ही तळटीपेत. शून्य टक्के संपणार कधी, आणि ते सहा महिने मंजुरीपासून धरायचे की रक्कम खात्यावर चढल्यापासून? हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. कॅशबॅक असेल तर तो किती महिन्यांनी जमा होणार, आणि तोवर कार्ड बंद केलं तर मिळणार का, हे आणखी वेगळं.

यातल्या एकाच गोष्टीवर माझ्यासमोर किती वाद झालेत. ठरलेल्या तारखेपर्यंत कार्डावर अमुक इतका खर्च केला तरच लाभ, अशी ऑफर असते. ते लक्ष्य गाठण्यासाठी माणूस शेवटच्या संध्याकाळी खरेदी करतो. पावतीवर तारीख ३१. दुकानदाराच्या बँकेकडून व्यवहार पुढे येतो दोन दिवसांनी, त्यामुळे कार्डाच्या खात्यावर नोंद २ तारखेची. अटीत लिहिलेलं असतं, "नोंदीच्या तारखेनुसार". तो माणूस पावती पुढे करून सांगायचा, मी वेळेत घेतलंय, आणि आम्ही नियमावर बोट ठेवायचो. पावती खरी, नियमही खरा, आणि माणूस नाडला गेला तो गेलाच. मला तेव्हाही ते बरोबर वाटत नव्हतं.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे मागाहून लागणारं व्याज. "१२ महिन्यांत पूर्ण फेडल्यास व्याज नाही" असं वाक्य असतं. शून्य टक्के आणि हे, दोन्ही ऐकायला सारखंच वाटतं. पण इथे १०० पैकी ९५ भाग फेडले आणि ५ राहिले, की पहिल्या दिवसापासून मागे साठवून ठेवलेलं सगळं व्याज एकदम अंगावर येतं. फक्त किमान देय रक्कम भरत राहिलात, तर मुदतीत कर्ज फिटेलच असं मुळीच नाही. अमेरिकेत स्टोअर कार्डांवर हा प्रकार इतका सर्रास होता की २०१७ मध्ये त्याच नियामकाने मोठ्या दुकानांच्या कार्ड कंपन्यांना पत्रं लिहून सुचवलं, हे सोडा आणि सरळ शून्य टक्क्यांची ऑफर द्या.

उंबरठा:

थोडं वेगळं मत मांडतो. मी अशा ऑफरी वर्षानुवर्षं वापरतोय आणि मला त्यांचा फायदाच झालाय. कंपनीचं ऑफरीसाठी बजेट ठरलेलं असतं, ते संपलं की ऑफर संपते. मग शेवटची तारीख सांगायची नाही तर काय करायचं? तारीखच दिली नाही तर उद्या लोक म्हणतील, न सांगता बंद केली. दिशाभूल अर्धवट माहितीत आहे, मुदतीत नाही.

खातेवही:

खऱ्या मुदतीला माझाही विरोध नाही. पण मुदत आणि अर्धवट माहिती इतक्या सहज वेगळ्या काढता येत नाहीत. रात्री नऊला मेसेज आणि बाराला शेवट, असं का ठरतं? वीस पानं वाचायला, दुसऱ्याला विचारायला लागणारा वेळच काढून घेतलेला असतो. दहा दिवस दिले असते तर चांदणचुरा यांच्या ताईंनी कुणाला तरी विचारलं असतं.

आणि मुदत खरी आहे का, हे तपासता येतं. पानावर लाल आकड्यांचं उलटं घड्याळ चालू असेल तर तीच लिंक खासगी विंडोत किंवा दुसऱ्याच्या फोनवर उघडा. तिथे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, तर ती मुदत खोटी. तीच ऑफर पुढच्या महिन्यात नव्या "शेवटच्या संधी"सह आली, तरी तेच समजा.

कलमदान:

कायद्याच्या बाजूने थोडी भर. खोटी घाई हा प्रकार आता नाव घेऊन बंद केलेला आहे. युरोपीय संघाच्या २००५ च्या अनुचित व्यापारी प्रथांविषयीच्या निर्देशात जी काळी यादी आहे, तिच्यात हे थेट येतं: ग्राहकाने विचार न करता लगेच निर्णय घ्यावा म्हणून, अमुक अटी अगदी थोड्या काळापुरत्याच आहेत असं खोटं सांगणं. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरोधी (म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या युक्त्यांविरोधी) मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित झाली, त्यात १३ प्रकार आहेत आणि पहिलाच खोट्या घाईचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत असंही आहे की व्याज असलेला हप्ता 'नो कॉस्ट' म्हणून खपवायचा नाही, आणि बाकी राहिली की बिनव्याजी मुदत जाते हे महत्त्वाच्या अटींमध्ये वेगळं समजावून सांगायचं.

म्हणजे खऱ्या तारखेवर कायदा बोट ठेवणार नाही, खोट्या तारखेवर ठेवेल. ताईंच्या प्रकरणात मात्र तारखेपेक्षा न सांगितलेल्या परिणामावर भर द्या.

चांदणचुरा:

सगळ्यांचे मनापासून आभार. हे दाजींना वाचून दाखवलं, आता ते स्वतःच तक्रार लिहायला बसलेत. त्यात काय मागायचं? आणि कार्ड लगेच बंद करावं का?

खातेवही:

बंद करू नका. आत्ता बंद केलंत तर सगळी रक्कम एकदम भरायला सांगू शकतात.

तक्रारीत "फसवणूक झाली" एवढंच लिहिलं तर साचेबंद उत्तर येतं. मेसेजचा स्क्रीनशॉट जोडा, तारीख-वेळ दिसेल असा. मग नेमकं विचारा: बिनव्याजी मुदत जाईल हे ताईंना होकार देण्याआधी कोणत्या पडद्यावर, कोणत्या शब्दांत दाखवलं? त्या पडद्याची प्रत मागा. हा प्रश्न आला की फाइल वरच्या माणसाकडे जाते, हे मी आतून पाहिलेलं आहे. खरेदीवर लागलेलं व्याज परत मागा, आकड्यासकट. भारतातलं कार्ड असेल आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

दरम्यान त्या कार्डावर नवी खरेदी पूर्ण थांबवा. आणि भरलेले पैसे आधी कुठल्या बाकीत जमा होतात ते लेखी विचारा, हे फार महत्त्वाचं. अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्याप्रमाणे किमान रकमेपेक्षा जास्त भरलेला पैसा आधी सर्वाधिक व्याजाच्या बाकीकडे जातो. सगळीकडे तसं नाही. तुमच्या कार्डावर तो आधी शून्य टक्क्यांच्या रकमेत जात असेल, तर खरेदीची बाकी महागड्या व्याजाने तशीच पडून राहील. तसं निघालं तर तेही तक्रारीत घाला.