पळणं, सायकल, पोहणं आणि दर रविवारी सिंहगड : एकच जीपीएस हार्ट रेट वॉच कोणतं घेऊ?

वारजेकर_४४
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, सांभाळून घ्या. वय ४४, राहायला पुण्यात, वारज्यात. दोन वर्षं झाली पळतोय, आठवड्यातून तीनदा, कधी कर्वे रोडने नळस्टॉपपर्यंत जाऊन परत तर कधी वेताळ टेकडी, रविवारी आतकरवाडीतून सिंहगड हे ठरलेलं. दिवाळीत सायकल घेतली आणि आता दोन महिने झाले जवळच्या २५ मीटरच्या तलावात पोहायला जातोय. पुढच्या वर्षी ऑलिंपिक डिस्टन्स ट्रायथलॉन करायचीच असं मनाशी पक्कं केलंय, म्हणजे १.५ किमी पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी पळणं.

सध्या हातात एक साधा फिटनेस बँड आहे आणि त्याने डोकं उठवलंय. आरामात गप्पा मारत पळतोय तरी हार्ट रेट १७०-१७२ दाखवतो. कर्वे रोडचा तोच रस्ता एक दिवस १० किमी भरतो, दुसऱ्या दिवशी १०.६. बजेट ३५ हजार, फारच ताणलं तर ४०. दुकानात गार्मिन फोररनर १६५ दाखवलं, मित्र म्हणतो २६५ च घे, अजून एक जण कोरोस पेस ३ म्हणतोय. मॅप असलेलं घ्यावं का तेही कळत नाहीये.

आणि एक काळजीचा प्रश्न. जास्तीत जास्त ठोके किती ते काढायला २२० वजा वय केलं तर माझे १७६ येतात, पण गडाच्या शेवटच्या चढाला बँड १८६ दाखवतो. घरी बायको घाबरलीय. खरंच काही गडबड असेल का?

पहाटपळ
वारजेकर, आधी १७२ चं बघू. गप्पा मारत पळता येतंय म्हणजे हृदय १७२ ला नाहीये, ती तुमची पावलं आहेत. मनगटावरचं घड्याळ हिरवा लाईट कातडीत सोडतं, रक्त तो लाईट शोषतं आणि प्रत्येक ठोक्याला परत येणारा उजेड कमीजास्त होतो, त्यावरून ते ठोके मोजतं. पळताना हात हलतो, घड्याळ हलतं, मग ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडली जाते, आणि बहुतेकांची पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात. याला केडन्स लॉक म्हणतात. माझ्या पहिल्या घड्याळाने (कंपनी नको सांगायला) मला सहा महिने १७८ दाखवलं आणि मी बिचकून हळू हळू पळत राहिलो, अख्खा हिवाळा वाया गेला त्यात.

उद्याच एक करा. पाच-सहा मिनिटं आरामात पळा, थांबल्या थांबल्या दोन बोटं गळ्याच्या बाजूला हलकेच ठेवा आणि १५ सेकंद ठोके मोजून चारने गुणा. लगेच मोजायचं बरं का, अर्धं मिनिट गेलं की ठोके झपाट्याने खाली येतात. तो आकडा आणि बँडचा आकडा शेजारी शेजारी लिहून काढा.

आता १७६ चं. २२० वजा वय हा सरासरीचा ठोकताळा आहे, एकेका माणसाचा खरा मॅक्स (मिनिटाला जास्तीत जास्त ठोके) त्याच्या १०-१२ ने वर नाहीतर खाली असणं अगदी नेहमीचं आहे. त्यामुळे १८६ खरा असला तरी तेवढ्यावरून घाबरू नका. पण छातीत दुखणं, चक्कर, अचानक धडधड असं काही होत असेल तर घड्याळ बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. आणि ४४ व्या वर्षी ट्रायथलॉनची तयारी चालू करताय तर तसंही एकदा तपासून घ्या, वहिनींचाही जीव भांड्यात पडेल.

माझं स्पष्ट मत : बजेटमधून आधी छातीच्या पट्ट्याचे पैसे बाजूला काढा, उरतील त्यात घड्याळ बघा. पट्टा हृदयाचे विजेचे सिग्नल पकडतो, त्याला हात हलण्याशी देणंघेणं नसतं. पोलार एच१० घ्या नाहीतर गार्मिनचा घ्या, फक्त घालण्याआधी आतली रबरी पट्टी पाण्याने ओली करा, कोरडी असली तर पहिली दहा मिनिटं आकडे वेडेवाकडे येतात. मनगटावर मोजायचंच असेल तर घड्याळ मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर आणि पळताना एक भोक घट्ट.

कर्वे रोडचं कारण तर डोक्यावरच आहे, मेट्रोचा पूल. नळस्टॉपला उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो असे दोन मजले आहेत. सॅटेलाइटचे सिग्नल काँक्रीटवर आपटून उशिरा पोचतात आणि घड्याळाला वाटतं तुम्ही रस्त्याच्या पलीकडे उडी मारली, अशा उड्या जोडत जोडत १० चे १०.६ होतात. ड्युअल बँड जीपीएस म्हणजे सॅटेलाइटच्या एल१ आणि एल५ या दोन्ही फ्रिक्वेन्सी पकडणारं घड्याळ इथे बरंच सुधारतं, पण पुलाखाली पूर्ण बरोबर येईल अशी अपेक्षा नको. १६५ मध्ये ड्युअल बँड नाही. गार्मिनच्याच फोररनर २५५, २६५ मध्ये आणि पेस ३ मध्ये आहे.

घाटसायकल
पहाटपळ यांच्याशी सहमत, फक्त सायकलचं जोडतो. सायकलवर मनगटाचा हार्ट रेट सगळ्यात जास्त फसतो कारण हँडल घट्ट धरलेलं असतं, मनगट वाकलेलं असतं आणि आपले रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. बोपदेव घाट चढताना माझं मनगटावरचं ११० दाखवत होतं आणि पट्टा १५८, तेव्हा धाप अशी लागलेली की पाणी प्यायलाही जमत नव्हतं, म्हणजे खरं कोण ते कळलंच.

तुमच्या कामाचा मुख्य मुद्दा मात्र वेगळाच आहे. १६५ घड्याळ छान आहे पण त्यात ट्रायथलॉन मोड नाही आणि सायकलचं पॉवर मीटरही (पेडलवर किती जोर लागतो ते मोजणारं यंत्र) जोडता येत नाही. ट्रायथलॉन मोड म्हणजे पोहून बाहेर आलात की एक बटण, सायकलवर बसलात की परत एक बटण, सगळं एकाच रेकॉर्डमध्ये, मधला कपडे-बूट बदलायचा वेळसुद्धा. तुमचं ध्येय तेच आहे तर १६५ वर काट मारा. पेस ३ मध्ये हे आहे, वजनाला अगदी हलकं आहे (नायलॉनच्या पट्ट्यासकट ३० ग्रॅम) पण ते सेन्सरशी फक्त ब्लूटूथने बोलतं, एएनटी प्लस (सेन्सर जोडायची दुसरी वायरलेस पद्धत) नाही, म्हणून जुना सेन्सर हाताशी असेल तर आधी तपासा. २६५ ला दोन्ही चालतं. २०२२ चं फोररनर २५५ कुठे शिल्लक मिळालं तर बिनधास्त घ्या, ट्रायथलॉन मोड, ड्युअल बँड, उंचीसाठी हवेचा दाब मोजणारं बॅरोमीटर सगळं आहे आणि स्क्रीन भर उन्हात स्वच्छ दिसते.

बॅटरीच्या आकड्यांना भुलू नका. कंपनीच्या हिशोबाने पेस ३ जीपीएसवर ३८ तास आणि २६५ वीस तास, पण ड्युअल बँड लावलं की दोन्ही १५ तासांच्या आसपास येतात. ऑलिंपिक ट्रायथलॉन तुम्ही चार तासांच्या आत संपवाल, मग काय फरक पडतो. मॅपचंही तेच, सिंहगडची वाट तुम्हाला पाठ आहे.

निळंपाणी
मी पोहण्यापुरतंच लिहिते, कारण त्याबद्दल दुकानात कोणी सांगत नाही. तलावात घड्याळ जीपीएस वापरत नाही, हाताची हालचाल आणि भिंतीवरचं वळण ओळखून लांब्या मोजतं. त्यामुळे तलावाची लांबी सेटिंगमध्ये अचूक घाला, आणि वळताना भिंतीला जोरात पाय मारून सरळ सुटा. मध्येच थांबून चष्मा नीट केलात की ते एक लांबी जास्त धरतं. मी सुरुवातीला हजार मीटर समजत होते ते नऊशेच निघाले, फार वाईट वाटलं होतं.

हार्ट रेटचं म्हणाल तर ब्लूटूथ असो की एएनटी प्लस, तो रेडिओ पाण्यातून जातच नाही, दोन-चार सेंटिमीटरवर संपतो. म्हणून पोहताना पट्टा घड्याळाशी बोलू शकत नाही. गार्मिनचे एचआरएम प्रो सारखे काही पट्टे ठोके स्वतःत साठवतात आणि बाहेर आल्यावर घड्याळाला देतात. पण भिंतीवरून सुटताना पट्टा पोटापर्यंत घसरतो हा माझा अनुभव, स्विमसूटच्या आत घातला तर टिकतो, पुरुषांना ट्रायसूटच (ट्रायथलॉनचा अंगाला घट्ट बसणारा सूट) लागेल. मी दंडावर बांधायचा सेन्सर वापरते आणि खूष आहे.

अजून एक, प्रत्येक खेळाचे झोन, म्हणजे हलक्या ते जोराच्या मेहनतीचे ठोक्यांचे टप्पे, वेगळे ठेवा दादा. पाण्यात शरीर आडवं असतं आणि गार राहतं, म्हणून तेवढ्याच मेहनतीला ठोके पळण्यापेक्षा साधारण दहाने कमी पडतात. सायकललाही थोडे कमी. पळण्याचे झोन पोहताना लावलेत तर उगाच जीव काढाल.

आणि बटणंवालं घड्याळ घ्या, ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही.

गडवाट
सिंहगडसाठी बॅरोमीटर असलेलंच घ्या. आतकरवाडीतून जेमतेम पावणेतीन किमीत सहाशे मीटरच्या आसपास चढ आहे आणि नुसत्या जीपीएसची उंची त्यात भरपूर हेलकावे खाते. बॅरोमीटर हवेच्या दाबावरून उंची काढतं. फक्त पावसाळ्यात ढग आले-गेले की दाब बदलतो आणि तुम्ही जागेवर बसून पिठलं-भाकरी खात असलात तरी उंची सरकते, म्हणून निघताना पायथ्याला एकदा कॅलिब्रेट करा, म्हणजे तिथली खरी उंची घड्याळात लावून घ्या. आणि त्या बारीक भोकांत घाम-माती अडकते, घरी आल्यावर नळाखाली धरा, साबण नको.

वारजेकर_४४
सगळ्यांचे मनापासून आभार. आज पहाटे टेकडीवर तीनदा मोजलं. पहिल्यांदा १५ सेकंदात ३५ ठोके, म्हणजे १४०, आणि बँडवर १७१. दुसऱ्यांदा ३४, बँडवर १७२. तिसऱ्यांदा उभ्याने मोजलं तेव्हा मात्र दोन्ही जुळले. घरी येऊन बायकोला वही दाखवली, तिने स्वतः माझ्या गळ्याला बोटं लावून परत मोजलं. डॉक्टरांची वेळ शनिवारची घेतलीय.

पट्टा आज मागवला. घड्याळासाठी २५५ शोधतोय, नाहीच मिळालं तर पेस ३. निळंपाणीताई, तो दंडावरचा सेन्सर घड्याळाला जोडलेला असताना पाण्यात आकडे लगेच दिसतात का, की तेही बाहेर आल्यावरच?

निळंपाणी
माझ्याकडचा पोलार व्हेरिटी सेन्स स्वतःत साठवतो, मी घरी येऊन फोनवर उतरवते. पाण्यात जिवंत आकडा हवा असेल तर भिंतीला थांबून गळ्याला बोटं, तुम्हाला आता सवय झालीच आहे.