चर्चच्या हॉलमध्ये वायरिंगचा कोर्स सुरू करायचाय, गळती कशी थांबवायची?

गोवंडी_युवागट
नमस्कार. आमच्या चर्चचा हॉल संध्याकाळी मोकळा असतो. मुंबईतल्या शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द भागातल्या 18 ते 22 वयाच्या 16 मुलामुलींसाठी तीन महिन्यांचा मोफत कोर्स काढायचा आहे. बहुतेकांची शाळा आठवी-नववीत सुटलेली, निम्म्याहून जास्त मुस्लिम घरांतले. वेल्डिंग, एसी दुरुस्ती की हाऊस वायरिंग, यावर समितीचं एकमत होत नाही. मागच्या शिवणवर्गाला तिसऱ्या आठवड्यापासून गळती लागली होती, तसं पुन्हा व्हायला नको. आणि वर्गाची सुरुवात प्रार्थनेने करावी का? रविवारी मिस्सानंतर फादरांकडे आराखडा द्यायचाय.

तारजोडणी
वायरिंगच घ्या. वेल्डिंगचा धूर आणि ठिणग्या बंद हॉलमध्ये नकोत, मीटरवरचा भारही झेपणार नाही. एसीत आता आर-32 गॅस येतो, तो पेट घेऊ शकतो; व्हॅक्युम पंप, गेज, फ्लेअरिंग टूल यांचा खर्च वेगळा. शिवाय ज्याला वायरिंग येत नाही त्याला एसीतला अर्धा बिघाड सापडतच नाही. एसी दुसऱ्या टप्प्यात ठेवा.

सरावासाठी 8 बोर्ड करा, एका बोर्डावर दोघं. 12 मिमी प्लाय, 4 बाय 3 फूट, आणि तो उभाच लावा. टेबलावर आडवं शिकलेला हात शिडीवर चढल्यावर अडखळतो. 1.5 चौरस मिमी तारेचं 90 मीटरचं एक बंडल लाल आणि एक काळं आणलं की प्रत्येक बोर्डाला प्रत्येक रंगाची 11 मीटर तार येते. हिरवी अर्थिंगला, आणि 16 अँपियरच्या प्लगसाठी थोडी 2.5 ची. सराव संपला की तार फेकायची नाही, टोक कापून पुन्हा घ्यायची. लांब तुकडे जिन्याच्या टू-वे सर्किटसाठी (एकच दिवा दोन स्विचवरून) राखून ठेवा, आखूड तुकडे स्विचबोर्डातल्या लूपिंगला, म्हणजे एका स्विचवरून दुसऱ्याला तार जोडायला, चालतात.

सप्लाय थेट बोर्डाला देऊ नका. आधी 30 मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच), मग एमसीबी (शॉर्ट किंवा जास्त भार झाला की पडणारा स्विच), मग फेजमध्ये, म्हणजे जिवंत तारेत, सिरीज दिवा: सगळा करंट त्यातूनच बोर्डाकडे जातो. हा दिवा 100 वॅटचा जुना फिलामेंट बल्ब हवा, एलईडी चालत नाही. मुलाने जोडणी करून चालू केली आणि त्याचा 9 वॅटचा एलईडी लागला, सिरीज बल्ब काळाच राहिला, तर काम बरोबर. कुठे शॉर्ट असेल तर सिरीज बल्ब भक्क पेटतो, एमसीबी पडत नाही, ठिणगी उडत नाही. मुलगा न घाबरता स्वतःची चूक शोधतो. शिकवणाऱ्याने हजार वेळा सांगून जे होत नाही ते हा एक बल्ब करतो. पण करंट बल्बमधून येत असला तरी शॉक लागतोच, म्हणून बोर्डाला हात लावायच्या आधी सप्लाय बंद, हे रोज तपासा.

चुका ठरलेल्या असतात. स्विच न्यूट्रलवर घेतात: दिवा बंद होतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. टेस्टर लावून प्रत्येकाला हे दाखवाच. इन्सुलेशन जास्त सोलतात, उघडं तांबं स्क्रूबाहेर राहतं. सोलताना तारेतल्या दोन-तीन बारीक तारा तुटतात. स्क्रू सैल राहिला की तिथे उष्णता होते आणि वर्षभरात प्लग काळा पडतो. आरसीसीबी सारखी पडत असेल तर बहुतेक वेळा पुढे कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र आलेले असतात. मुलं आरसीसीबीच बायपास करायला निघतात, तिथे मात्र कडक राहा.

कुर्ला_समुपदेशन
गळतीला मुलांच्या आवडीपेक्षा बुडणारी रोजंदारी जास्त कारणीभूत असते. दिवसा नाक्यावर किंवा गाळ्यात काम करणारं पोर दुपारच्या वर्गाला येणार कसं? सात ते नऊ ठेवा. प्रवासाचे पैसे महिनाअखेरीला न देता दर शनिवारी हजेरीप्रमाणे द्या. पहिल्याच दिवशी हातात पक्कड द्या; ओहमचा नियम दिवा पेटल्यानंतर सांगा. तिसऱ्या आठवड्यात नेमकी थिअरी आणि वही येते, तिथेच मुलं सुटतात. मुलींना घरून उशिरापर्यंत परवानगी मिळत नसेल तर त्यांची जोडी आणि त्यांचा बोर्ड कायम ठेवा, साडेआठला सोडा.

कागदपत्रं पहिल्या आठवड्यातच तपासा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं, हे फार आढळतं. ज्यांना दहावी करायची आहे त्यांना 17 नंबर फॉर्मची (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा) माहिती द्या. आयटीआयला इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागते, वायरमन आणि वेल्डरची अट त्याहून कमी असते.

वसईकर_प्रशिक्षक
प्रार्थनेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्यांना हवी त्यांच्यासाठी वर्गाआधी दहा मिनिटं, शेजारच्या खोलीत, हजेरीशी संबंध नाही. प्रवेश अर्जात धर्माचा रकानाच ठेवू नका. रमजानमध्ये इफ्तार आणि तरावीहमुळे (रात्रीची खास नमाज) संध्याकाळचा वर्ग चालत नाही, म्हणून बॅचची तारीख ते बघून धरा. आपली श्रद्धा मुलांना आपल्या वागण्यातून दिसू दे.

गरीब मुलांसाठी काम करणारे कॅथलिक धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी इटलीतल्या तुरिनमध्ये 1853 मध्ये चांभारकाम आणि शिवणकामाच्या कार्यशाळा उघडल्या. त्याआधी मुलं शहरातल्या मालकांकडे कामाला जात, तेव्हा ते मालकाशी लेखी करार करत: धंदा शिकवायचा, मारायचं नाही, सणाच्या दिवशी सुटी. तुम्हीही कॉन्ट्रॅक्टरकडून तेवढं लिहून घ्या. हेल्परचा रोज किती, पगार कोणत्या तारखेला, चालू लाइनवर काम नाही, बूट आणि टेस्टर कोण देणार. तोंडी ठरलं की पहिल्या महिन्याचा पगार अडकतो.

गोवंडी_युवागट
मनापासून आभार. वायरिंग नक्की. सर्टिफिकेटवर काय लिहायचं?

तारजोडणी
"इलेक्ट्रिशियन" लिहू नका. सरकारी परमिटशिवाय मुलगा स्वतःच्या नावावर काम घेऊ शकत नाही. परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखालीच करायचं असतं, हे त्याला आधीच सांगा. मागच्या बाजूला त्याने स्वतः केलेल्या जोडण्या लिहा: जिन्याचं टू-वे, पंखा-रेग्युलेटर, 16 अँपियर प्लग, आरसीसीबीसह डीबी (घराची मुख्य वितरण पेटी). कॉन्ट्रॅक्टर तेच वाचतो.