मदत हवी आहे: बाबांच्या हृदयाचा एमआरआय करावा का? (अर्जंट)

लगबग
बाबांची अँजिओग्राफी झाली, नळ्या साफ. तरी चालताना दम लागतो, संध्याकाळी पाय सुजतात. इकोत भिंत जाड आलीये, १७ मिमी. पंपिंग ५५ टक्के. आता डॉक्टर म्हणतात हृदयाचा एमआरआय करा. ब्लॉकेज नाही, पंपिंग बरं आहे, मग एमआरआय कशाला? उद्या सकाळी वेळ घ्यायची आहे, लवकर सांगा.

जुनं_खोड
वय? बीपी? किडनी? आधीचं काही आजारपण? नुसतं 'भिंत जाड' म्हटलंत तर कोण काय सांगणार?

लगबग
वय ७४. बीपीच्या गोळ्या वर्षानुवर्षं होत्या, आता बंद केल्यात, बीपी कमीच असतं. उठून उभं राहिलं की गरगरतं. बाकी काही नाही. एमआरआय करू की नको एवढंच विचारलंय हो.

चक्रधर
एमआरआय सोडा, सरळ सीटी अँजिओ करून घ्या. माझा करून झालाय, काही मिनिटांचं काम.

सावली
@चक्रधर, नळ्या साफ आहेत हे कळलंय की! तेच परत कशाला बघायचं? प्रश्न स्नायूचा आहे. भिंत साधारण ११ मिमीपर्यंत ठीक धरतात. बीपीनं जाड होऊ शकते, पण यांचं बीपी तर खाली गेलंय. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम नावाचा डाय देऊन स्नायूत ते कुठे साठून राहतं ते बघतात, त्यावरून जाडीचं कारण कळायला मदत होते.

चक्रधर
सीटीतही डाय देतातच. उगाच घाबरवू नका लोकांना.

मोरपीस
माझ्या मावशीचंही असंच झालं होतं. मोठा धक्का बसला, छातीत कळ, ईसीजी बिघडलेला, अँजिओ मात्र साफ. इकोत हृदयाचं टोक फुगलेलं. ताकोत्सुबो निघालं, म्हणजे धक्क्यानं हृदय तात्पुरतं दुबळं होणं. काही आठवड्यांत पंपिंग पूर्ववत. तुमच्या बाबांना कसला धक्का बसला होता का?

जुनं_खोड
मोरपीस, त्यात टोक नीट आकुंचत नाही आणि पंपिंग पडतं. इथे भिंत जाड आहे. वेगळी गोष्ट.

सावली
लगबग, दोन गोष्टी सांगा. इकोत 'स्ट्रेन' (स्नायूचा कुठला भाग किती आकुंचतो त्याचं माप) लिहिलंय का? आणि बाबांच्या हातांना मुंग्या, मनगटाचं ऑपरेशन वगैरे?

लगबग
हातांचा काय संबंध?? हो, दोन्ही मनगटांचं कार्पल टनेलचं (मनगटात नस दबते त्याचं) ऑपरेशन झालंय, बरीच वर्षं झाली. स्ट्रेनपुढे 'एपिकल स्पेअरिंग' लिहिलंय. पेसमेकर बसवला तेव्हाच्या इकोत हे नव्हतं.

जुनं_खोड
पेसमेकर!! 'बाकी काही नाही' म्हणालात ना वर?

लगबग
तो बसवून झालाय, नीट चालू आहे, म्हणून नाही लिहिलं.

सावली
असू दे. पेसमेकरचं कार्ड शोधा, एमआरआय चालणारा आहे का ते त्यावर असतं. चालणारा असला तरी आधी त्याचं सेटिंग बदलावं लागतं, आणि चित्रात यंत्राच्या आसपासचा भाग बिघडू शकतो. हे उद्या वेळ घेतानाच सांगा.

आता मूळ मुद्दा. जाड भिंत, टोक तेवढं बरं आकुंचतंय (तेच ते 'एपिकल स्पेअरिंग'), दोन्ही मनगटं, बीपी आपोआप उतरलेलं, पेसमेकर: हे सगळं एकत्र आलं की अमायलॉइडचा विचार करतात. म्हणजे स्नायूत एक प्रथिन साचत जातं. डॉक्टरांना विचारा, पीवायपी स्कॅन करता येईल का? टेक्नेशियमची सुई देऊन फोटो काढतात. त्यात चुंबक नाही, गॅडोलिनियमही नाही. हृदय बरगड्यांइतकं किंवा जास्त उजळलं तर ट्रान्सथायरेटिन प्रकाराचा (त्या नावाचं प्रथिन साचतं तो) संशय बळावतो. पण सोबत रक्तातल्या फ्री लाइट चेन्स आणि रक्त-लघवीचं इम्युनोफिक्सेशन हवंच (दोन्ही असामान्य प्रथिनं शोधायच्या तपासण्या). त्यात गडबड निघाली तर नुसत्या स्कॅनवर विसंबता येत नाही. तो दुसरा, लाइट चेनचा प्रकार असू शकतो, रक्तविकारतज्ज्ञ लागतात आणि घाई करावी लागते.

निर्झर
अर्जुनाची साल दुधात उकळून द्या. हृदयाला यापरतं काही नाही.

जुनं_खोड
निदान तरी होऊ द्या आधी!

लगबग, पेसमेकरच्या आधीचा ईसीजी शोधा. आत्ताच्या ईसीजीत यंत्राचे ठोके दिसतील. जुन्यात भिंत जाड असूनही लाटा बुटक्या असतील तर तोही पुरावा.

मोरपीस
अवांतर: माझ्या दिराच्या हृदयाचं पेट स्कॅन झालं सार्कॉइडसाठी (सुजेचा एक आजार). आधी कर्बोदकं बंद, मग उपास. निरोगी स्नायूनं साखर ओढायची नाही, सुजलेला भागच उजळला पाहिजे म्हणून. पथ्य मोडलं आणि परत करावं लागलं.

लगबग
@मोरपीस, आम्हाला पेट सांगितलेलं नाही हो.

जुना ईसीजी सापडला, पिवळा पडलाय पण वाचता येतो. पेसमेकरचं कार्ड आईच्या कपाटात आहे म्हणे. आणि हे अमायलॉइड निघालं तर औषध तरी आहे का?

सावली
ट्रान्सथायरेटिन प्रकाराला आहे, टाफामिडिस. साचलेलं काढत नाही, पुढचं साचणं मंदावतं. म्हणून लवकर कळलेलं बरं. तो प्रकार ठरला तर जनुकीय तपासणीही सांगतील, आनुवंशिक आहे का बघायला. त्याचा संबंध तुमच्याशीही येतो.

लगबग
रिपोर्ट इथे टाकले तर बघाल का?

सावली
बघेन, पण निदान डॉक्टरच करतील. नाव आणि नंबर खोडून टाका. स्कॅनचा एकटा नको, रक्त-लघवीचेही सोबत टाका.