सीसीटीव्ही ‘झूम’ करून नंबर प्लेट खरंच दिसते का?

मुलुंडचा सेक्रेटरी

मंडळी, प्रश्न बाळबोध आहे, पण माझी मान त्यात अडकली आहे. आमच्या सोसायटीतून पहाटे एक स्कूटर चोरीला गेली. फाटकावर कॅमेरा आहे, रेकॉर्डिंग आहे, नेणारा माणूसही दिसतो. तो ज्या गाडीवरून आला तिचा नंबर मात्र म्हणजे नुसता पांढरा ठिपका. मीटिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, “झूम करा आणि क्लिअर करा की! टीव्हीवर दोन मिनिटांत करतात.” मी म्हटलं, तसं होत नसतं. त्यावर उत्तर आलं, “होत नाही की तुम्हाला येत नाही?” सभागृह हसलं. हे आजोबा १९९८ पासून शिवाजी साटमांचे भक्त आहेत, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तर (अ) असं झूम खरंच होतं का, (आ) नसेल तर मालिकावाले सगळे मिळून तेच का दाखवतात, आणि (इ) बाकीचंही असंच असतं का? म्हणजे “त्याला बोलण्यात गुंतवून ठेवा, कॉल ट्रेस होतोय” वगैरे.

लॅमिंग्टनवाला

सेक्रेटरीसाहेब, कॅमेरे विकणं आणि बसवणं हाच माझा धंदा. हा प्रश्न गिऱ्हाईक मला चहा येण्याआधी विचारतं.

आजोबांना तोंडी सांगू नका, हिशोब मांडून दाखवा. तुमचा कॅमेरा बहुधा दोन मेगापिक्सेलचा आणि २.८ एमएम लेन्सचा असणार. सोसायट्यांमध्ये हाच खपतो, कारण एका कॅमेऱ्यात अख्खं आवार मावतं आणि कमिटी खूश होते. दोन मेगापिक्सेल म्हणजे आडवे १९२० ठिपके. ही लेन्स दहा मीटरवर ढोबळमानाने २५ मीटर रुंदी बघते. म्हणजे मीटरला पंचाहत्तरच्या आसपास ठिपके. दुचाकीची मागची पाटी २० सेंटीमीटर रुंद. तिच्या वाट्याला आले १५ ठिपके. एका ओळीत पाच-सहा अक्षरं धरली तर अक्षरामागे अडीच-तीन ठिपके. तीन ठिपक्यांत ३ आणि ८ वेगळे करून दाखवा, दुकान तुमच्या नावावर करून देतो.

हे झालं दिवसा, गाडी उभी असताना. तुमची चोरी पहाटेची. रात्री कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो. आताच्या पाट्या उजेड परतवणाऱ्या असतात, तो सगळा उजेड परत लेन्समध्ये येतो आणि पाटी पांढरीफेक होते. तुमचा पांढरा ठिपका तो हाच. शिवाय अंधारात कॅमेरा शटर उघडं ठेवतो, १/२५ सेकंद धरा. ताशी २० किलोमीटरने आडवी जाणारी गाडी तेवढ्यात २२ सेंटीमीटर सरकते. पाटी २०ची! म्हणजे पाटी स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त हलून गेली, तिथे वाचणार काय? वर डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, जागा वाचवायला चित्र दाबून ठेवतो, त्यात होतं नव्हतं तेही जातं.

आता “क्लिअर करा” बद्दल. एकाच स्थिर वस्तूच्या बऱ्याच फ्रेम हातात असतील तर त्या एकमेकींवर बसवून थोडंफार जास्त दिसू शकतं, जाणकार लोक ते करतात. पण थोडंफारच. आणि हल्ली मोबाईलमध्ये एक बटण दाबलं की जुने फोटो चकचकीत होतात, ते बघून लोक माझ्याकडे येतात. ते यंत्र बघत नाही, अंदाज बांधतं. २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या ‘पल्स’ नावाच्या प्रोग्रामला कोणीतरी बराक ओबामांचा ठिपक्याठिपक्यांचा फोटो दिला. त्याने छान स्वच्छ चेहरा काढून दिला. एका गोऱ्या माणसाचा. तुमच्या पाटीचंही तेच होईल, नंबर झकास दिसेल आणि तो ठाण्यातल्या कुठल्यातरी निरपराध माणसाचा असेल.

टेलिफोन काका

(इ) चं उत्तर माझ्याकडे. मी एक्सचेंजमधला, निवृत्त.

“बोलत ठेवा” हे एके काळी शंभर टक्के खरं होतं. जुनी स्ट्रॉजर एक्सचेंज आठवा, म्हणजे ज्यांनी पाहिली असतील त्यांनी. डायल फिरवला की रॅकवरचे सिलेक्टर खटखट करत एकेक पायरी चढायचे, आणि बोलणं चालू असेपर्यंत तिथेच धरून बसायचे. धमकीचा फोन शोधायचा तर आमचा माणूस ज्याला फोन आला त्याच्या बाजूने सुरुवात करून एकेक सिलेक्टर मागे मागे बघत जायचा. रॅकांच्या रांगांमधून, शिडी घेऊन. समोरच्याने रिसीव्हर ठेवला की सगळे सिलेक्टर खाली पडत आणि माग संपला. कॉल दुसऱ्या एक्सचेंजमधून आलेला असेल तर तिथल्या ड्युटीवाल्याला उठवा, तो त्याच्या रॅकमध्ये शोधणार. म्हणून पोलीस सांगायचे, बोलत ठेवा.

डिजिटल एक्सचेंज आली आणि हे सगळं गेलं. आता घंटा वाजते तेव्हाच नंबर नोंदलेला असतो, तुम्ही एक सेकंद बोला नाहीतर तासभर. मालिकेत मात्र आजही घामाघूम इन्स्पेक्टर घड्याळाकडे बघतोय. आमच्या सौ. विचारतात, तुम्ही का हसता? त्यांना कसं सांगू की मला शिडी दिसते.

मोबाईलचंही ऐका. नकाशावर लाल ठिपका येतो आणि जीप थेट खोलीच्या दारात. कंपनीच्या नोंदीत असतो टॉवर, आणि त्या टॉवरची कोणती बाजू, साधारणपणे तीनपैकी एक. मुंबईत टॉवर जवळजवळ असतात हे खरं, तरी त्या एका पाचरीत लालबागच्या किती चाळी बसतील मोजा. तिथून पुढे चौकशी आणि पायपीट.

आणि टीव्हीवर कधीच न दिसणारी गोष्ट म्हणजे परवानगी. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं तर राज्याच्या गृह सचिवांची सही लागते. हे बंधन सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात घातलं, पुढे ते नियमांत आलं. नुसत्या कॉलच्या नोंदी हव्या असल्या तरी वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फतच मागवाव्या लागतात. कोपऱ्यात बसलेला चष्मेवाला पोरगा “सर, ऐका” म्हणून हेडफोन पुढे करतो, ते नाही होत.

आर्टवाली

(आ) माझं. गोरेगाव आणि घोडबंदर रोडच्या सेटवर आर्ट डिपार्टमेंटमध्ये काम करते, त्यामुळे शिव्या आमच्याच नावाने पडतात.

झूमचं गुपित अगदी साधं आहे. ते फुटेज सीसीटीव्हीचं नसतंच. शूटिंगच्या कॅमेऱ्यावर चांगलं लायटिंग करून घेतलेला शॉट असतो. एडिटवाला आधी तो धूसर करतो, वर तारीख-वेळ टाकतो. इन्स्पेक्टर “क्लिअर करो” म्हणाला की त्याने लावलेला इफेक्ट तोच काढून टाकतो. स्पष्ट चित्र आधीचं आहे हो, अस्पष्ट नंतरचं. खऱ्या आयुष्यात ते आधीचं चित्र कोणाकडेच नसतं, एवढाच फरक.

दुसरी तक्रार नेहमी येते, ती इथे कोणी विचारायच्या आत सांगते. नायिका फोन कानाला लावून रडत असते आणि फोनचा स्क्रीन लख्ख चालू. लोक मीम करतात. कारण असं की कॉल आलेलाच नसतो. “आई कॉलिंग” हा आम्ही बनवलेला फोटो असतो आणि तो गॅलरीत उघडून ठेवलेला असतो. खरा कॉल असला की कानाजवळ गेल्यावर फोनचा सेन्सर स्क्रीन विझवतो. फोटोला सेन्सर काय करणार? खरा कॉल लावायचा तर तिकडे दुसरा माणूस बसवा, रेंज धरा, तिसऱ्या टेकला खऱ्या आईचा फोन मध्येच येणार. रोजचा एपिसोड रोज द्यायचा असतो, हो.

कंपनीच्या लोगोवर काळी चिकटपट्टी का? कारण जाहिरात दुसऱ्या कंपनीची आहे. आणि कॉम्प्युटरवर काळ्या पडद्यावर हिरवी मोठ्ठी अक्षरं का? खरा पडदा कॅमेऱ्यात दिसतो निळसर, अक्षरं मुंगीएवढी, वरून लायटीचं रिफ्लेक्शन. “अॅक्सेस डिनाइड” एवढं मोठं लिहिलं की स्वयंपाकघरातून अर्धं लक्ष देणाऱ्या बाईलाही कळतं काय झालं. लेखकाला अडीच सेकंद मिळतात, त्यात पासवर्ड तुटायलाच हवा. हे मूर्खपणातून येत नाही, घाईतून येतं.

हार्बर लाइन

आयटीवाला आहे, थोडीच भर घालतो. परदेशातलेही काही कमी नाहीत. ‘एनसीआयएस’ या अमेरिकन मालिकेत हॅकर थोपवायला दोन जण एकाच कीबोर्डवर चार हातांनी टायपिंग करतात. पण उलटंही आहे. १९९३च्या ‘जुरासिक पार्क’मध्ये ती मुलगी उडत्या चौकोनांचा पडदा बघून ही युनिक्स (कॉम्प्युटरची एक प्रणाली) आहे म्हणते, त्यावर लोक वर्षानुवर्षं हसले. तो प्रोग्राम खरा होता, सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचा. आणि २००३च्या ‘मेट्रिक्स रीलोडेड’मध्ये जे हॅकिंग दिसतं त्यात ‘एनमॅप’ हे नेटवर्क तपासायचं खरं टूल आहे, आम्ही ऑफिसात वापरतो तेच. म्हणजे जे खोटं वाटतं ते खरं निघतं आणि जे खरं वाटतं त्यात चार हात.

सिस्टर परळ

आमच्याकडेही हेच आहे. मॉनिटरवर सरळ रेषा आली की सिनेमात छातीवर शॉक देतात आणि पेशंट उठून बसतो. सरळ रेषेवर शॉक द्यायचाच नसतो, उपयोग नाही. तेव्हा छाती दाबत राहायची आणि अॅड्रेनॅलिन. शॉक असतो तो हृदय वेड्यावाकड्या तालात थरथरत असतं तेव्हा. नातेवाईक दारातून ओरडतात, “मशीन आहे ना, शॉक का देत नाही?” त्या वेळी समजावत बसायला कोणाला वेळ असतो? आणि नंतर त्यांच्या मनात कायमचं राहतं की यांनी केलं नाही. तुमच्या आजोबांचं “तुम्हाला येत नाही” वाचून तेच आठवलं.

मुलुंडचा सेक्रेटरी

सगळ्यांचे आभार. हिशोब फळ्यावर लिहून लावला. आजोबांनी चष्मा लावून गुणाकार तपासला आणि म्हणाले, “मग असला कॅमेरा घेतलाच कशाला?” आता बोला. कमिटीने पैसे मंजूर केलेत, फाटकावर काय लावू? आणि पोलिसांनी रेकॉर्डिंगसोबत सर्टिफिकेट मागितलंय, ही काय भानगड?

लॅमिंग्टनवाला

आजोबांना माझा नमस्कार सांगा, पहिला बरोबर प्रश्न त्यांनीच विचारला.

आहे तो कॅमेरा काढू नका, कोण आला-गेला त्यासाठी तो ठीक आहे. पाटीसाठी वेगळा लावा. लेन्स मागेपुढे करता येते तो, फाटकाच्या फक्त चार मीटर रुंदीवर आवळून बसवलेला. तेच १९२० ठिपके आता चार मीटरला, म्हणजे पाटीला ९६ येतात. खांब फार उंच नको, गाडी शक्यतो समोरून किंवा मागून दिसली पाहिजे, शटर अगदी क्षणभरच उघडणारं. चित्र काळोखं येईल, फक्त पाटी वाचता येईल. सभासद म्हणतील, यात काहीच दिसत नाही. म्हणू देत. आणि तिथे गतिरोधक घाला, त्याने कॅमेऱ्याला जेवढी मदत होते तेवढी महागड्या लेन्सने होत नाही.

सर्टिफिकेट भानगड नाही, फार महत्त्वाचं आहे. कोर्टात नुसता पेन ड्राइव्ह चालत नाही. आपल्या जालन्याच्या अर्जुन खोतकरांचा निवडणूक खटला आठवत असेल. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दिला की नाही, याचा पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग दिलं होतं. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२० मध्ये निकाल आला की मूळ यंत्रच कोर्टात आणत नसाल तर सर्टिफिकेट हवंच. तेव्हा ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली असायचं, जुलै २०२४ पासून नव्या कायद्याचं कलम ६३. त्यात कॉपीचा हॅश आकडा (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) लिहावा लागतो, म्हणजे नंतर कोणी फ्रेम बदलली तर आकडा जुळत नाही. सह्या लागतात, तुमची आणि जाणकाराची. मालिकेत हा कागद एकदा तरी दाखवा म्हणावं, आर्टवाल्या ताई.

आजच्या आज दोन गोष्टी करा. रेकॉर्डिंग कॉपी करून घ्या, हार्ड डिस्क भरली की डीव्हीआर जुनं पुसून त्यावरच नवं लिहितो. आणि डीव्हीआरचं घड्याळ मोबाईलशी ताडून बघा. ते हमखास पुढेमागे असतं. फरक किती तो वहीत लिहा, फोटो काढा, पोलिसांना सांगा, पण घड्याळ दुरुस्त कॉपी झाल्यावरच करा.

दुकानात यायचं तर रविवार सोडून या.