मदत हवी आहे: गुरूच्या क्षेत्ररेषेवरचे अनुनाद, वरचे मोड स्थिर होत नाहीत

मंडळी, बेळगावात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी गुरूच्या आयो या चंद्राच्या कक्षेतून (केंद्रापासून ५.९ गुरू-त्रिज्या) जाणाऱ्या द्विध्रुवी (साध्या पट्टीचुंबकासारख्या) चुंबकीय क्षेत्ररेषेवर आल्फव्हेन लहरींचे (आयनांच्या वायूत क्षेत्ररेषा ताणलेल्या तारेसारखी कंप पावते, त्या लहरी) अनुनाद, म्हणजे मोड, काढतोय. विषुववृत्ताशी घनता दर घनसेंमीला २००० आयन, सरासरी वस्तुमान २० धरलंय. तिथे लहरीचा वेग सेकंदाला सुमारे २२० किमी येतो, तो ठीक वाटतो. आयोच्या कक्षेतल्या दाट आयन-वलयाबाहेर मात्र वेग प्रकाशालाही मागे टाकत होता! समीकरणात विस्थापन प्रवाहाचं (बदलत्या विद्युत क्षेत्राचं) पद घातल्यावर आटोक्यात आला. दोन्ही टोकांना विद्युत क्षेत्र शून्य, पायथनमध्ये शूटिंग पद्धत (एका टोकापासून सोडवत जायचं, दुसऱ्या टोकाची अट जुळेपर्यंत वारंवारता बदलायची). पहिला मोड स्थिर आहे. तिसऱ्यापासूनचे मोड मात्र जाळीचे बिंदू ५०० चे २००० केले की सरकतात. टॉलरन्स (चालणाऱ्या चुकीची मर्यादा) कमी करून झाला. लॅपटॉप ८ जीबीचा, शिवाय खानापूरला घरी रात्री करंट जातो, त्यामुळे जड कोड नको. अंतराऐवजी लहरीचा प्रवासकाळ चल घेऊन समान बिंदू पाडले तर भागेल, की वलयाच्या कडेपाशी जाळी दाट करावीच लागेल?